कब्रस्तानाला अख्खी सकाळ द्या

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू मुलामुलींचा कोकण दौरा म्हटला की थांबे ठरलेले: नवगाव, अलिबागचं मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), अलिबागजवळच्या खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबीचा टापा, म्हणजे प्रेषित एलियाहूची खूण मानला जाणारा खडक, आणि रेवदंडा. आमच्या गटात अर्धे मुंबई-ठाण्याचे, अर्धे इस्रायलमधल्या दिमोना नि अश्दोदहून आलेले. त्यांचे आजीआजोबा इथूनच गेलेले.

नवगावला पूर्वजांचं जहाज फुटल्याची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. सात पुरुष, सात बायका वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावर पुरलं. टाप्यावर मलिदा, म्हणजे नवसाचा प्रसाद झाला. पोहे, गूळ, खोबरं कालवायला सगळ्यांचे हात परातीत. तरी जेवताना इकडचे एका बाजूला, तिकडचे दुसऱ्या. इंग्रजीत चार वाक्यं, की मग मोबाइल.

अलिबागच्या कब्रस्तानाला कार्यक्रमात जेमतेम अर्धा तास ठेवला होता. तिथे मात्र चित्र पालटलं. जुन्या दगडांवर वर हिब्रू, खाली मराठी. त्यांना खालचं वाचता येईना, आम्हाला वरच्या ओळी अडखळत. मग जोड्या आपोआप पडल्या. दिमोनाच्या मुलीने मला हिब्रू अक्षरांवरून साल काढायला शिकवलं, तिथे प्रत्येक अक्षराला आकडा असतो: ताव म्हणजे ४००, रेश २००, पे ८०, दालेत ४. बेरीज ६८४. ज्यू सालातले पाच हजार लिहीत नाहीत, ते धरून चालायचं. त्या ६८४ मध्ये १२४० मिळवले की १९२४. खाली मराठीत तेच साल कोरलेलं होतं! ती अक्षरशः ओरडली. मग मी तिला खालच्या ओळी वाचून दाखवल्या, बाईंचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनावातलं गाव. तिच्या आईचं माहेरचं आडनाव तेच. नात्यातल्या असतील का, हे तिथे कोण सांगणार? पण तिने लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला, आणि पलीकडून थेट मराठीत प्रश्न सुरू झाले: “कुठला दगड गं? नीट दाखव. बाजूला कोण आहे?”

बस अर्धा तास हॉर्न वाजवत राहिली. आम्ही कोणी हललो नाही.

सिनेगॉगमध्ये आपण ऐकतो, समुद्रावर फोटो काढतो. इथे मुलांना एकमेकांची गरज पडली, म्हणून मैत्री झाली. १९४८ नंतर निम्म्याहून जास्त घरं इस्रायलला गेली, हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्या दगडापाशी मला ते पहिल्यांदा कळलं.

दौरा आखणाऱ्यांना मनापासून विनंती, रेवदंडा दुपारवर ढकला, पण कब्रस्तानात सकाळीच जा. ऊन तिरपं असतं तेव्हा झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. बारा वाजता काही लागत नाही. शनिवार टाळा, तो शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. सोबत साधं पाणी नि मऊ ब्रश घ्या. तारेचा ब्रश, साबण, खडू अजिबात नको. आणि प्रत्येक जोडीत एक इकडचा, एक तिकडचा ठेवा.