ओकच्या सहा फळ्या आणि अकरा आठवडे

पुस्तकांचं कपाट तयार होऊन हॉलमध्ये उभं आहे, तरी त्या लाकडाच्या वखारीचा नंबर फोनवर दिसला की आजही माझं डोकं तापतं. म्हणून हे लिहितोय.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. जवळच पार्सिपनीला गुस्ताव स्टिकली या अमेरिकन फर्निचर कारागिरानं बांधलेलं ओंडक्यांचं घर आहे, तिथे आता संग्रहालय आहे. तिथलं फर्निचर पाहिलं आणि ठरवलं, असं एक कपाट स्वतःच्या हातानं करायचं. कोरीवकाम नाही, चकाकी नाही. आडव्या फळीचं कुसू, म्हणजे टोकाला कापून काढलेली जीभ, बाजूच्या फळीतून आरपार बाहेर येतं आणि ते लपवत नाहीत, मुद्दाम दिसू देतात. सांधा हीच शोभा.

पण या शैलीचा जीव लाकडात आहे. पांढरा ओक, आणि तोही क्वार्टरसॉन. म्हणजे ओंडक्याचे उभे चार भाग करून अशा फळ्या काढायच्या, की वाढीची वर्तुळं फळीच्या तोंडाला काटकोनात येतील. मग लाकडावर ते चमकदार पट्टे उमटतात. शिवाय अशी फळी हवामानानुसार रुंदीत खूप कमी फुगते-आकसते.

सहा फळ्या मागवल्या. तीन आठवड्यांनी आल्या त्यातल्या दोन साध्या कापाच्या निघाल्या, पट्ट्याचा मागमूस नाही. फोन केला तर उत्तर, ‘लाकूड नैसर्गिक असतं, थोडा फरक असणारच.’ पैसे मात्र सहाही फळ्यांचे क्वार्टरसॉनच्या भावानं घेतलेले! आठवडाभर फोन आणि फोटो झाल्यावर बदलून द्यायला तयार झाले. त्यात आणखी तीन आठवडे गेले.

बदलून आलेल्या फळ्यांवर पट्टे सुंदर होते. मीटरच्या दोन सुया वरून टोचल्या, तर ओल ९ टक्के. घरातल्या फर्निचरला इथे ६ ते ८ टक्के हवी, म्हटलं राहू दे चार दिवस घरात. पण मन मानेना. टोकं आधी वाळतात, म्हणून एक फळी टोकापासून फूटभर आत कापली आणि ताज्या कापावर सुया दाबल्या. १३! क्वार्टरसॉन लाकूड साध्या कापापेक्षा हळू वाळतं, आणि यांनी भट्टीतून घाईनं बाहेर काढलेलं. ‘भट्टीत वाळवलेलं’ असा शिक्का मात्र ठळक. वर मला ऐकवलं, की तुम्ही फळी कापलीत, आता परत घेता येणार नाही. ओल आत आहे हे कापल्याशिवाय दिसणार कसं, याला उत्तर नव्हतं. शेवटी चार आठवड्यांनी, नवा माल आल्यावर, मी स्वतः गाडी घेऊन गेलो आणि तिथेच उभं राहून एकेक फळी निवडली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही तरी फोनवर ऑर्डर देऊ नका.

पुढचं काम तीन शनिवार-रविवारांत झालं. रंधा मारला आणि पहिल्याच हातात मळकट फळीखालून ते पट्टे झळकले, तेव्हा बायकोला हाक मारून बोलावलं.

हो, एक राहिलं. लाकूड निवडताना कडेचा फिकट भाग टाळा. जुन्या पद्धतीनं अमोनियाच्या वाफेवर रंग आणायचा असेल, तर टॅनिन या तुरट द्रव्यामुळे गाभा तपकिरी होतो, कडेचा भाग पांढराच राहतो. सगळ्या फळ्या एकाच झाडाच्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर छटा वेगळ्या येतात. या वाफेसाठी लागणारा तीव्र अमोनिया डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असतो. काम उघड्यावर, योग्य मास्क आणि चष्मा लावूनच करा. मी अंगणात प्लास्टिकचा तंबू केला होता.

कपाटाची आरपार कुसवं नीट बसली आहेत, कुठे कागदही शिरत नाही. वखारीकडून त्या ओल्या फळ्यांचे पैसे मात्र अजून आलेले नाहीत. सोमवारी पुन्हा फोन करणार आहे.