प्लॅनचा कागद लबाड असतो

बाल्सा या हलक्या लाकडाच्या मॉडेल विमानाचं किट उघडलं, पंखाचा प्लॅन टेबलावर पसरला की पिना टोचायला हात शिवशिवतात. त्याआधी स्टीलची पट्टी घेऊन कागद मोजा. झेरॉक्समध्ये 1 टक्क्याची चूक असेल तर 1200 मिमीच्या पंखात 12 मिमीचा फरक पडतो. पावसाळ्यात कागद फुगतो, तोही एका दिशेला जास्त. लेझरने कापलेल्या रिबा (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्या) सहसा मापात असतात, म्हणून प्लॅन आणि रिबांचं जुळलं नाही तर रिबांचं ऐकायचं. ट्रेलिंग एजची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची, रेघ प्लॅनवरची धरा, रिबा तिला टेकवा, स्पारची (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्टीची) रेघ रिबांच्या खाचांवरून नव्याने मारा. लीडिंग एज, म्हणजे पुढची कड, येईल तिथे येऊ द्या.

बऱ्याच प्लॅनवर एकच पंख काढलेला असतो. कागदाला पातळ तेल चोळलं की रेघा मागून दिसतात आणि उलट बाजूवर दुसरा पंख बांधता येतो. वर क्लिंग फिल्म हवीच. तेल लागलेल्या बाल्साला गोंद धरत नाही.

खाली 8 मिमीची काच, तिच्यावर सॉफ्टबोर्ड. पिना स्पारमधून आरपार घालू नका, दोन्ही बाजूंनी तिरक्या टेकवा. भोक पडलं की स्पार तिथेच मोडतो.

सगळ्यात जास्त घोटाळा लीडिंग एजला होतो. क्लार्क वाय या एअरफॉइलचा (पंखाच्या छेदाच्या आकाराचा) तळ पुढून 30 टक्क्यांनंतर सपाट आहे, त्याआधी तो वर चढतो. 200 मिमी कॉर्डला (पंखाच्या पुढून मागेपर्यंतच्या रुंदीला) नाकाचं टोक बोर्डापासून 7 मिमी वर येतं. लीडिंग एजला 6 मिमी जाडीची पट्टी असेल तर तिच्याखाली 4 मिमीचं पॅकिंग ठेवा. ते विसरून पट्टी बोर्डाला दाबली की एअरफॉइल वेगळाच होतो.

आता पीळ. टोकाकडे ट्रेलिंग एजखाली 3 मिमीची पट्टी सरकवली की 200 मिमी कॉर्डला जेमतेम 0.9 अंश वॉशआउट, म्हणजे टोकाचं नाक खाली झुकवणारा पीळ, मिळतो. दोन्ही पंखांना अगदी सारखाच हवा. शिअर वेब (वरचा आणि खालचा स्पार जोडणारी उभी फळी) आणि वरचं शीटिंग (बाल्साचं पातळ आवरण) पंख बोर्डावर पिनांनी धरलेला असतानाच चिकटवा. वेब आणि शीटिंगने तयार होणारी पुढची पेटी एकदा बंद झाली की आत जो पीळ असेल तो कायमचा, मग इस्त्री फिरवून काही होत नाही. वेबच्या लाकडाच्या रेषा उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर भार आल्यावर वेब चेपतो आणि दोन स्पार एकमेकांकडे येतात.

वेबला सुपरग्लू नको. तो लगेच धरतो, वाकडं बसलं तर हलवायला वेळच मिळत नाही. पांढरा गोंद लावा आणि पंख रात्रभर पिनांतच राहू द्या.