तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोटिक्सच्या स्पर्धेत रंग आडवा येतो का?

डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी घरांत मूल सहावी-सातवीत गेलं की रोबोटिक्सचा विषय निघतोच. मी एका शाळेच्या टीमची मेंटॉर आहे हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात, कुणाच्या तरी मुंजीत मला बाजूला घेऊन कुणी ना कुणी विचारतं, "ताई, खरं सांगा, तिथे आपल्या मुलांना रंगावरून काही ऐकून घ्यावं लागतं का हो?" पुण्याहून आईचा फोन आला की तीही फिरून फिरून तिथेच येते. हातात प्लेट धरून उभ्या उभ्या उत्तर द्यायचं म्हटलं की "छे, तसं काही नाही" एवढंच तोंडून निघतं. ते पुरतं खरं नाही, म्हणून आज नीट लिहिते.

ज्यांनी ही स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ टीमची पहिली स्पर्धा झाली. आता जगभरात हजारो टीम आहेत. जानेवारीत त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो. पुढच्या काही आठवड्यांत हायस्कूलच्या मुलांनी शंभर-सव्वाशे पौंडांचा रोबो उभा करायचा आणि तीन विरुद्ध तीन अशा अडीच मिनिटांच्या सामन्यांत तो उतरवायचा. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धेला एक वळण लावून दिलं: जीव तोडून खेळायचं, पण समोरच्याची बॅटरी दगावली तर आपली काढून द्यायची. हे नुसतं पत्रकावर छापण्यापुरतं नाही. उपांत्य फेरीच्या तोंडावर प्रतिस्पर्धी टीमची मुलं आमच्या रोबोखाली आडवी होऊन चेन बसवून देताना मी पाहिली आहेत. या स्पर्धेवर माझा जीव आहे तो त्यासाठीच.

तेव्हा तोंडावर शिवी क्वचितच मिळते. मिळतच नाही, असं मात्र नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये आमच्या शेजारच्या इंडियाना राज्यात घडलेला प्रकार देशभरच्या वर्तमानपत्रांत आला होता. इंडियानापोलिसच्या प्लेझंट रन प्राथमिक शाळेची 'पँथर बॉट्स' ही टीम म्हणजे नऊ-दहा वर्षांची पाच मुलं, दोन कृष्णवर्णीय आणि तीन लॅटिनो. प्लेनफील्ड गावातली 'व्हेक्स' ही दुसरी रोबोटिक्स स्पर्धा जिंकून ती बाहेर पार्किंगमध्ये आली, तर तिथे त्यांना ऐकावं लागलं, "मेक्सिकोला परत जा." चौथीच्या वयाची मुलं! त्याच वर्षी ही टीम व्हेक्सच्या लुईव्हिलमधल्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोचली, हेही सांगायला हवं.

पालकांना धास्ती असते ती अशा प्रसंगाची. मला त्याहून जास्त लागते ती दुसरीच गोष्ट, कारण ती स्पर्धेमागून स्पर्धेत घडते आणि तिची कधी बातमी होत नाही.

आमची शाळा डेट्रॉइट शहरातली आहे आणि टीममधली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय. स्पर्धेत प्रत्येक टीमला दहा बाय दहा फुटांची जागा मिळते, तिला पिट म्हणतात. मध्यंतरीच्या एका स्पर्धेत आमचा रोबो गाडीवर उघडा ठेवलेला होता आणि आमची अकरावीतली इलेक्ट्रिकलची लीड मुलगी बॅटरीच्या जाड केबलचं टोक तपासत होती. ही मुलगी प्रत्येक क्रिंप, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूचा जोड दाबून बसवणं, झाल्यावर वायर हाताने ओढून बघते. सुटली तर पिटमध्येच सुटू दे, मैदानात नको, हा तिचा नियम. सगळ्या वायरी तिने रंगाप्रमाणे लावून, दोन्ही टोकांना नंबर चिकटवून ठेवल्या होत्या. तेवढ्यात पिटमध्ये फिरून बक्षिसं ठरवणारे जज आले. जजनी मुलांशी बोलायचं असतं, मेंटॉरशी नाही. तरी त्यातल्या एकाने माझ्याकडे बघून विचारलं, "वायरिंग सुरेख आहे. कुणी केलं?" मी तिच्याकडे हात केला. मग तो तिला म्हणाला, "यातलं तू नक्की काय काय केलंस?"

तिने शांतपणे सांगितलं. मुख्य ब्रेकर, म्हणजे रोबोची सगळी वीज तोडणारं बटण, इथेच का बसवला, तर गडबड झाली की कुणाचाही हात चटकन पोचायला हवा म्हणून. पहिल्या आराखड्यात तो आत होता, तो कुणी बाहेर काढायला लावला, तर तिनेच. जजचं समाधान झालं, त्याने हसून वहीत काहीतरी लिहिलं आणि तो पुढच्या पिटकडे वळला. तिथे उपनगरातली एक नावाजलेली टीम होती, बोलायला एक गोरा मुलगा उभा होता. त्याला पहिला प्रश्न आला, "हे पुन्हा बनवायचं झालं तर काय बदलशील?"

दोन्ही प्रश्न नीट वाचा. त्या मुलाचं काम त्याचंच आहे हे धरून चाललं होतं, म्हणून त्याला थेट विचारावर बोलता आलं. आमच्या मुलीचा अर्धा वेळ हे माझंच काम आहे, एवढं पटवण्यात गेला. जजचा वेळ मोजका असतो, दहा मिनिटांपेक्षा फार नाही. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याला विचारलं असतं तर त्याने मनापासून सांगितलं असतं की मी सगळ्यांना सारखंच विचारतो. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला दर वेळी आधी परीक्षा द्यावी लागते, मिस." मला त्यावर सांत्वनाचं काही सुचलं नाही. ते खरंच होतं.

आता आपल्या मुलांचं. ट्रॉय, नोव्हाय, कँटन या डेट्रॉइटच्या उपनगरांतल्या टीममध्ये भारतीय मुलं भरपूर आहेत. त्यांना कुणी विचारत नाही की तुला जमतं का. उलट पहिल्याच दिवशी हातात लॅपटॉप येतो: "तू प्रोग्रामिंगला ना?" आमच्या ओळखीतल्या एका मुलाला लेथ आणि मिलिंग मशीनचं वेड होतं. आजोबांचं भोसरीत वर्कशॉप, सुट्टीत तो तिथेच रमायचा. टीममध्ये दोन वर्षं त्याने कोड लिहिला, कारण मशीनवर कुणी त्याला उभं करायचा विचारच केला नाही. रोबो चालवायला ड्रायव्हर निवडायचा असतो, तिथेही "हा गप्प असतो" म्हणून आपली मुलं मागे राहिलेली मी पाहिली आहेत. शिवाय जिंकल्यावर मागून कुजबुज येते की यांचे आईबापच इंजिनिअर, त्यांनीच करून दिलं असणार. मुलांना हे लागतं आणि लागणारच.

पण या दोन्ही गोष्टी एका तराजूत घालायला मी तयार नाही. आपल्या मुलाबद्दलचा समज 'याला येतच असणार' असा असतो, आमच्या लीडबद्दलचा 'हिला कसं येईल' असा. पहिल्याने मूल एका कोपऱ्यात अडकतं, पण खोलीत तरी असतं. दुसऱ्याने ते दाराशीच थांबतं. कागदोपत्री आपण आणि ही मुलं एकाच गटात मोडतो, गोरे नसलेल्यांच्या. अनुभव मात्र वेगळे आहेत, आणि हे आपल्या लोकांनी मान्य करावं असं मला फार वाटतं.

याची मुळं आपल्या हुशारीत शोधू नका. आपल्याला इथे यायची वाट मोकळी झाली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो झाला नागरी हक्कांच्या चळवळीने देश हलवून सोडला त्याच काळात. त्या कायद्याने शिकलेले, हातात पदवी असलेले लोक निवडून आत घेतले. म्हणून आपल्या मुलांना मेंटॉर घरातच, जेवणाच्या टेबलावर मिळतो. इकडे डेट्रॉइटमध्ये, शहर आणि उपनगरं यांच्या सीमेवरच्या एट माइल रोडजवळ १९४१ साली बांधलेली भिंत अजून उभी आहे, सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. एका बिल्डरला गोऱ्या वस्तीसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीय वस्ती असल्यामुळे सरकारी हमीचं कर्ज मिळेना, म्हणून मध्ये भिंत घातली आणि कर्ज मंजूर झालं. ज्यांना तेव्हा कर्ज मिळालं त्यांची घरं, त्या घरांच्या किमती, त्या किमतींवरच्या करातून उभ्या राहिलेल्या शाळेच्या इमारती, तिथलं वर्कशॉप, हे सगळं एकाला एक लागून येतं. या स्पर्धेची नुसती नोंदणीच सहा हजार डॉलरच्या घरात जाते. त्यावर मोटर, कंट्रोलर, प्रवास. राज्याचं अनुदान मिळतं, पण उपनगरातल्या टीमला संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर भाग कापून देणारा एक पालक असतो, तो अनुदानात येत नाही.

२०१८ आणि २०१९ मध्ये फर्स्टची जागतिक स्पर्धा डेट्रॉइटमध्ये भरली होती. तेव्हा त्या सभागृहाचं नाव होतं कोबो सेंटर. अल्बर्ट कोबो हे १९५० च्या दशकात शहराचे महापौर होते. त्यांच्या काळात ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची जुनी, नांदती वस्ती पाडली गेली आणि पुढे त्या भागातून हमरस्ता गेला. ते नाव २०१९ च्या ऑगस्टमध्ये उतरलं. आमच्या टीममधल्या एका मुलाची पणजी ब्लॅक बॉटममध्ये राहायची. त्याने ते मला स्पर्धेच्या गर्दीत सांगितलं आणि लगेच बॅटरी बदलायला पळाला.

हे सगळं कळल्यावर काही पालक म्हणतात, "मग या मुलांच्या हातात काय आहे?" त्यांना मी फीनिक्सच्या कार्ल हेडन हायस्कूलबद्दल सांगते. वस्ती गरीब, मुलं बहुतेक लॅटिनो. २००४ मध्ये तिथली चार मुलं पाण्याखालच्या रोबोंच्या 'मेट' स्पर्धेत कॅलिफोर्नियात सांता बार्बराला गेली आणि कॉलेजांच्या गटात उतरली. पीव्हीसी पाइपचा रोबो, सगळा मिळून खर्च आठशे डॉलरच्या आसपास. ऐन वेळी आत पाणी झिरपायला लागलं, तर ते शोषायला त्यांनी टॅम्पॉन वापरले. एमआयटी दुसरी आली, ही मुलं पहिली.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात, मला पुढची महत्त्वाची वाटते. चौघांकडेही देशात राहण्याची कागदपत्रं नव्हती. त्यांच्यातल्या ऑस्कर वास्केझने २००९ मध्ये अॅरिझोना स्टेट विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण केलं, पण नोकरी करता येईना. तो स्वतःहून मेक्सिकोला गेला. परतीचा व्हिसा नाकारला गेला, शेवटी एका सिनेटरने रदबदली केल्यावर २०१० मध्ये तो परत आला, अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला आणि अफगाणिस्तानात लढला. एमआयटीला हरवणाऱ्या मुलालाही एवढं करावं लागलं. म्हणून "मेहनत केली की सगळं मिळतं" हे वाक्य मी मुलांसमोर उच्चारत नाही. मेहनत ती करतातच. कमी पडतं ते बाकीचं, आणि ते आणून देणं मोठ्यांच्या हातात असतं.

त्याचं उदाहरण आमच्या शहरातच आहे. मिशिगन विद्यापीठाने २०१० मध्ये डेट्रॉइटच्या मिडटाउन भागात 'मिशिगन इंजिनिअरिंग झोन' सुरू केला. शहरातल्या हायस्कूलच्या टीमना तिथे मशीन, हत्यारं आणि विद्यापीठाचे विद्यार्थी मेंटॉर म्हणून मिळतात. शेजारी शेजारी टेबलं लागतात, एका टीमला अडलं की दुसरी धावते. पुढे स्पर्धेत पहिल्या आठ टीम आपले जोडीदार निवडतात, तेव्हा या ओळखी कामाला येतात. जोडीदार निवडताना आकडे बघतात हे खरं, पण दोन टीम सारख्याच असल्या तर माणूस ओळखीच्याला हाक मारतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. होय, रंग आडवा येतो, आपल्या मुलांना थोडा आणि डेट्रॉइटच्या मुलांना बराच. मुलीला टीममध्ये घालणार असाल तर ट्रॉफ्यांचं कपाट बघू नका. सरावाच्या दिवशी जा आणि मिलिंग मशीनवर कोण उभं आहे, ड्रायव्हरच्या जागी कोण आहे, जज आल्यावर बोलायला कोण पुढे होतं ते बघा. आणि तुमच्यापैकी ज्यांना सोल्डरिंग येतं, कॅड म्हणजे संगणकावर आराखडा काढणं येतं, किंवा नुसता हिशेब नीट ठेवता येतो, त्यांनी एट माइल ओलांडून इकडे या. आमच्याकडे मुलं आहेत, मेंटॉर कमी आहेत. खेळ जानेवारीच्या सुरुवातीला जाहीर होतो, त्यानंतर आठवड्यातल्या संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर काम चालतं. सेफ्टी गॉगल शाळेत आहेत. पुढून बंद असलेले बूट मात्र घालून या, चपलांवर आत सोडत नाहीत.