सोनीसमोरची टिक

२१ जानेवारी २०१९, सोमवार, रात्री

केबलवाल्याचा पोरगा उद्या सकाळी फॉर्म न्यायला येणार आणि मी अजून तो समोर घेऊन बसलेय. ट्रायचा, म्हणजे टीव्ही चॅनलांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा नवीन नियम ना, १ फेब्रुवारीपासून ज्याला जे चॅनल पाहिजे त्याचेच पैसे. पहिल्या १०० चॅनलचे १३० रुपये ठरलेले, त्यावर टॅक्स, आणि पैसेवाली चॅनल एकेक करून टिक करायची. झी मराठी १९, यांचं क्रिकेटचं १९, सोनी १९. सोनीवर टिक केली तेव्हा हे मागेच उभे होते, मोहोरावर फवारणी करून आलेले, हातपाय पण धुतले नव्हते. म्हणाले, "अगो, ता सीआयडी बंद झाला मा? मग सोनी कित्याक?"

एवढंच. रागावून नाही, सहज विचारलं आणि पाणी तापलंय का बघायला गेले. पण दुपारपासून ते "बंद झाला मा" माझ्या कानातून जात नाहीये.

ती खुनाच्या तपासाची मालिका बंद नाही झाली. ब्रेक घेतलाय. चॅनलनेच तसं सांगितलंय ऑक्टोबरमध्ये, २८ तारखेपासून ब्रेक आणि नंतर नवीन सीझन. २७ ला शेवटचा भाग लागला, १५४७ भाग झाले, आणि त्यात कोणी निरोपाचं काही बोललं नाही की सगळ्यांना एका रांगेत उभं करून नमस्कार करवला नाही. आपल्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. त्यांनी येतो म्हटलंय. मग मी वाट बघितली तर त्यात चुकलं काय?

सीआयडी सुरू होऊन आज बरोबर २१ वर्षं झाली. २१ जानेवारी १९९८. मी नववीत होते, दादा बारावीला. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारी काकूंकडे जाऊन बघायचो, आणि पावसात नेमका खुनी कळायच्या आधी लाईट जायचा. त्यातूनच चिठ्ठ्या सुरू झाल्या. अर्धा भाग झाला की दोघांनी कागदावर खुन्याचं नाव लिहायचं, घडी करून काकूंच्या लोणच्याच्या बरणीखाली ठेवायची, आणि शेवटी उघडायची. लाईट गेला तर चिठ्ठ्या तशाच, दुसऱ्या दिवशी शाळेत कोणीतरी सांगेपर्यंत. दादा नेहमी सगळ्यात गरीब दिसणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा आणि मला त्याचा फार राग यायचा. मी साळुंखे डॉक्टर मढं तपासताना काय बोलले ते लक्ष देऊन ऐकायचे, खरं उत्तर तिथेच असतं अर्धं.

२००४ मध्ये तो एकाच टेकचा भाग आला, १११ मिनिटं, मध्ये कुठे कट नाही. दादा तेव्हा मुंबईला लागला होता. भाग संपल्या संपल्या काकूंच्या फोनवर त्याचा फोन, "बघितलंस काय गो? एकदाव कॅमेरो थांबलो नाय!" एसटीडीचे पैसे पडत होते तरी पंधरा मिनिटं बोलला.

नंतर बागेचं ते सगळं झालं. त्यावर मी लिहिणार नाही.

पण शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर नाव यायचं. फक्त नाव. "वकील." "धाकटी सून." मी माझं पाठवायची. नंतर जो बरोबर तो अंगठा टाकायचा, बस. कशी आहेस नाही, पोरं काय करतात नाही, आई कशी आहे नाही. सात वर्षं आम्ही एवढंच बोललो आणि मला ते पुरत होतं, खरंच पुरत होतं, कारण तो तिकडे नेमका त्याच वेळी तेच बघतोय हे मला माहीत असायचं. २७ ऑक्टोबरला त्याचा शेवटचा मेसेज आला, "येतील परत."

त्याला १२ शनिवार झाले. मध्ये भाऊबीज पण गेली.

आता मी स्वतः काहीतरी लिहू शकते हे मला कळतं. पण काय लिहायचं? सीआयडी असताना विचार करावा लागत नव्हता. आता आधी कोणी लिहायचं इथपासून सुरुवात, आणि मग ते बागेपर्यंत जातं.

भीती वेगळीच वाटते मला. एसीपी प्रद्युम्नचं काम करणारे शिवाजी साटम ६८ वर्षांचे आहेत. किती दिवसांचा ब्रेक? त्यांच्या जागी कोणी दुसरा एसीपी आणला तर मला नको तो सीझन. प्रद्युम्न तेच, दया तोच दरवाजे तोडणारा, अभिजीत, फ्रेडी, साळुंखे, सगळे हेच पाहिजेत, केस पांढरे झाले तर होऊ देत. आमचे नाही झाले का?

संध्याकाळी हे परत बसले बाजूला. फॉर्म हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, "ऱ्हवांदे. बावीस रुपये तर आसत." टॅक्स धरून २२ रुपये ४२ पैसे, वर्षाचे २६९. तुडतुड्यांच्या एका फवारणीला याच्या कितीतरी पट जातात आणि तरी मोहोर टिकेल का ते कोणी लिहून देत नाही, आम्ही फवारतोच. आज पौर्णिमा, थंडी चांगली आहे, पडवीत बसलं की कलमांचा वास येतोय.

टिक ठेवली. आता ती पेनाने अजून गडद केली, पोराला दिसली पाहिजे म्हणून.

तिकडे मुंबईत दादाच्या घरी पण हा फॉर्म आलाच असणार. जेवणं झाल्यावर मोबाईल घेतला आणि एकच विचारलं त्याला. "सोनी ठेवलंस काय?"

साडेदहा वाजले. मेसेज पोचलाय, वाचलेला नाही अजून.