दरी, फट, तूट आणि एकच ‘गॅप’

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, लेखनात पहिल्या खेपेला मला सहा बँड, म्हणजे गुण, मिळाले. हवे होते सात. वाचन, श्रवण, संभाषण या तिन्हींत सातच्या वर आणि लेखनातच गाडी अडलेली. म्हणून सरावाचे जुने निबंध घेऊन एका मॅडमकडे गेले. व्याकरणाच्या चुका निघतील असं वाटलं होतं. मॅडमनी व्याकरणाला हातही लावला नाही. लाल पेनाने चार-पाच ठिकाणी गोल केले आणि वही परत दिली. ‘हेवी गॅप’, ‘फिल द डिफरन्स’, ‘बिग शॉर्टेज’, ‘द गॅप बिकेम लॉन्ग’.

“यात चुकलं काय?” मी विचारलं.

“तसं चुकलं नाही काही. तुम्हाला काय म्हणायचंय ते कळतं. पण असं कोणी म्हणत नाही.”

हे ऐकून मी मनातल्या मनात चडफडले. ‘असं कोणी म्हणत नाही’ हा काय नियम झाला? नियम असेल तर पाठ करते, अपवाद असतील तर तेही करते. माझा चेहरा बघून त्यांनीच विचारलं, “कोणी मराठी शिकणारा तुम्हाला म्हणाला, ‘माझ्या अभ्यासात दरी पडली’, तर?”

मला हसू आलं. अभ्यासात खंड पडतो. दरी पडते ती नात्यात, दोन पिढ्यांत, गरीब-श्रीमंतांत. “का?” त्या म्हणाल्या. मला सांगता येईना.

घरी येऊन मी मराठीचंच पान भरलं. अंदाजपत्रकात तूट येते. हिशेबात तफावत आढळते. दारात फट राहते. नेता गेला की पोकळी निर्माण होते. चांगल्या माणसाची उणीव भासते. पक्षाला खिंडार पडतं. यातल्या एकाही जोडीत हात घालून अदलाबदल करता येत नाही. दाराला तूट येत नाही आणि हिशेबाला खिंडार पडलं म्हटलं तर प्रकरण पोलिसांत जाईल. या सगळ्या शब्दांसमोर मी वर्षानुवर्षं एकच इंग्रजी शब्द लिहीत आले होते: गॅप. वाटायचं, किती सोपी भाषा, एका शब्दात काम भागतं. भागत नव्हतं. मराठीत आपण नाम बदलतो, तिथे इंग्रजी पुष्कळदा नाम तेच ठेवून त्याच्या भोवतीची माणसं बदलते, म्हणजे क्रियापद, विशेषण आणि ते चिमुकलं शब्दयोगी. मी नाम उचललं होतं आणि भोवतीचा गोतावळा मराठीतून आणला होता.

या गोतावळ्याला इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, अशा अर्थाचं जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाचं 1957 मधलं विधान प्रसिद्ध आहे. आणि आयईएलटीएसच्या लेखनाच्या निकषांत, शब्दसंपत्तीच्या सात बँडच्या वर्णनात हा शब्द चक्क छापलेला आहे. शब्दसंपत्तीला लेखनाच्या गुणांत पाव हिस्सा असतो. मी निकष वाचले होते, पण त्या शब्दावरून नजर घसरली होती.

मग सुरू झाला पाठांतराचा मूर्खपणा. चाळीस जोड्यांची यादी, रोज दहा, पाचव्या दिवशी सगळ्यांची खिचडी. यादी फाडली आणि एकटा ‘गॅप’ घेऊन बसले.

पहिला उजेड पडला तो शब्दयोगीपाशी. ‘गॅप बिटवीन’ आणि ‘गॅप इन’ ही दोन वेगळी घराणी आहेत. ‘बिटवीन’ आलं की दोन काठ आहेत, म्हणजे आपली दरी किंवा तफावत: श्रीमंत आणि गरीब, बोलणं आणि वागणं. तिथे क्रियापदं अंतराची लागतात. ती ‘वाइडन’ होते, ‘नॅरो’ होते. ‘इन’ आलं की एका अखंड गोष्टीत भोक पडलंय, म्हणजे उणीव, खंड किंवा फट: ‘अ गॅप इन माय नॉलेज’, ‘अ गॅप इन द मार्केट’, ‘अ गॅप इन द फेन्स’. तिथे ‘फिल’ चालतं, ‘लीव्ह’ चालतं. कुंपणातलं भोक कोणी ‘नॅरो’ करत बसत नाही, ते बुजवतात. ही वाटणी काही दगडावरची रेघ नाही, अधूनमधून एक घराणं दुसऱ्याच्या अंगणात दिसतं. पण माझ्या दहापैकी आठ चुका एवढ्यानेच थांबल्या.

दुसरी गंमत ‘ब्रिज’, ‘नॅरो’ आणि ‘क्लोज’मधली. तिन्ही मला ‘कमी करणे’ वाटत होती. पूल बांधला म्हणून नदी आटत नाही. ‘ब्रिज द गॅप’ म्हणजे दोन्ही काठ जिथल्या तिथे, फक्त ये-जा सुरू झाली. ‘नॅरो’ म्हणजे काठ जवळ आले. ‘क्लोज’ म्हणजे काठ उरलेच नाहीत. आलेख वाचताना हा फरक जीवघेणा ठरतो. दोन रेषांमधलं अंतर 30 टक्क्यांवरून 12 वर आलं, तर ‘नॅरोड’. शेवटी रेषा एकमेकींना टेकल्या, तरच ‘क्लोज्ड’. मी आजवर 12 टक्क्यांनाही बिनधास्त ‘क्लोज्ड’ लिहिलं होतं, म्हणजे भाषाही चुकीची आणि माहितीही.

‘प्लग द गॅप’ मला आधीपासून आवडायचं. बोळा कोंबणे. ‘स्टॉपगॅप’ हा तात्पुरत्या सोयीसाठीचा शब्दही याच जातीचा, कारण ‘स्टॉप’चा जुना अर्थ बुजवणे असाही आहे.

विशेषणांत ‘हेवी’ गेलं. पाऊस ‘हेवी’ असतो, रहदारी ‘हेवी’ असते, गॅप नसते. ती ‘वाइड’, ‘ह्यूज’, नाहीतर ‘यॉनिंग’ असते. ‘यॉनिंग’, म्हणजे जांभई देणारी! मी मोठ्याने हसले, आणि मग आठवलं की आपणही ‘आ वासून उभी असलेली दरी’ म्हणतोच की. शोधलं तर ‘गॅप’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलेला निघाला आणि तोंड उघडं टाकण्यासाठीचा ‘गेप’ त्याचाच भाऊबंद. ही जोडी पाठ करावी लागलीच नाही.

‘गॅप’ सुटला तसे शेजारी पटापट सुटले. ‘शॉर्टेज’ ‘अक्यूट’ किंवा ‘सिव्हिअर’ असतो. ‘शॉर्टफॉल’ला आधी ठरलेला आकडा लागतो: शंभर हवे होते, ऐंशी आले, तर वीस हा ‘शॉर्टफॉल’, आणि तो ‘मेक अप’ करतात. ‘डेफिसिट’ सरकारं ‘रन’ करतात. ‘डिस्क्रेपन्सी’ म्हणजे हिशेबातली तफावत, त्यात संशयाचा वास असतो. ‘डिफरन्स’ने मात्र छळलं. तो ‘मार्क्ड’ असतो, ‘सटल’ असतो, तो ‘टेल’ करता येतो, ‘मेक’ करता येतो, ‘स्प्लिट’ करता येतो आणि तिन्हींचा अर्थ तीन दिशांना. ओळखणे, फरक पाडणे, मध्यावर तोडगा काढणे. यामागचं कारण मी शोधत बसले नाही. पाठ केले.

रोजचा नेम असा झाला की जोडी सापडली की ऑक्सफर्डच्या कोलोकेशनच्या शब्दकोशात ती खरी आहे का बघायची आणि स्वतःबद्दल एक खरं वाक्य लिहायचं. खोटं वाक्य दुसऱ्या दिवशी विसरायला होतं. ‘देअर इज अ फाइव्ह-इयर गॅप इन माय सीव्ही’ हे वाक्य मी कधीच विसरणार नाही, कारण ती पाच वर्षं माझी आहेत.

दुसऱ्या परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला दोन रेषांचा आलेख आला. वीस मिनिटं, दीडशे शब्द. रेषा जवळ येत होत्या, टेकत नव्हत्या. ‘नॅरोड’ लिहिलं, खाली पाहिलं, आकडा तपासला, तसंच ठेवलं. निबंधात एकदा ‘ब्रिज’ आलं, एकदा ‘शॉर्टफॉल’. ‘यॉनिंग’ लिहायचा मोह आवरला, निबंध इतका नाट्यमय नव्हता.

बाहेर येऊन जिना उतरताना आठवलं की एका ठिकाणी ‘डिफरन्स बिटवीन इन्कम’ लिहून आले होते. एकच इन्कम, दुसरा काठच नाही! ‘इन’ हवं होतं. तेरा दिवस तेवढंच डोक्यात. लेखनात सात आले.