वेणीखालची बट

"या लॉकेटमधले केस काढा आणि लेकीचा फोटो बसवा," असं बाई म्हणाल्या आणि काउंटरवरच्या पोराने "होईल की" म्हणत पावतीही फाडली. त्याला सगळंच होण्यासारखं वाटतं. करायचं मला असतं.

बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये मी जुने दागिने दुरुस्त करतो. या लॉकेटवर १५ कॅरटचा शिक्का होता. ब्रिटनमध्ये हा कस १८५४ ते १९३२ एवढाच चालला. घडण व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. काचेखाली फिकट सोनेरी केसांची वेणी, चटईसारखी घट्ट विणलेली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "शी! कुणा मेल्याचे केस रे?"

त्या काळच्या इंग्लंडात लग्न ठरण्याआधी मुलीने पुरुषाकडून दागिना घेणं शिष्टाचारात बसत नसे. फुलं, मिठाई, पुस्तक चालायचं. स्वतःच्या केसांचं लॉकेट देणं म्हणजे जवळजवळ वाङ्निश्चयच, आणि लग्न मोडलं तर पत्रांसकट सगळं परत. कारागीर केस सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा काढत आणि मग विणत. तो आपल्या माणसाऐवजी भलत्याचेच केस बसवेल या धास्तीने कित्येक बायका हे काम घरीच शिकल्या.

बिजागरी आधी कुणीतरी शिशाने झाळून ठेवलेली. असल्या माणसाच्या हातात सोनं देऊच नये! नंतर आच दिली की ते शिसं सोनं खातं. म्हणून आच बंद. अल्ट्रासॉनिकही, म्हणजे पाण्यात कंपनांनी दागिना साफ करायचं यंत्रही, बंद, कारण काचेखाली पाणी शिरलं की गोंद सुटतो. लाकडी सळीने कड थोडीथोडी उचलत काच काढली, वेणी सरकवली, तर खाली आणखी केस. काळे, न विणलेले, धाग्याने कशीतरी बांधलेली बट.

काउंटरवरचा पोरगा लगेच म्हणाला, "दुसरा प्रियकर!" मला ते पटलं नाही. आई, बहीण, गेलेलं मूल, कुणाचीही असेल. मेलेल्यांचे केसही लोक दागिन्यात जपत. पण ते तर बऱ्याचदा सगळ्यांना दिसेल असे मिरवत. ही बट मात्र वेणीखाली दडवलेली.

बाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "काळी राहू दे," म्हणाल्या. "सोनेरी टाका."

का, ते विचारायचं माझं काम नाही, पण अजून डोक्यात घोळतंय. काळ्या बटेवर फोटो बसवला. वेणी टाकली नाही, पाकिटात घालून बाईंच्या हातात दिली. टाकायची तर त्यांनी टाकावी. मालकाने तेवढं विचारलं, "पाकिटाचे पैसे लावलेस ना?"