तुम्ही विचारलंत म्हणून: ठोक्यावर व्हायोलिनं कशाला?

"सिनेमातल्या मारामारीला क्लबचा ठोका लावलास ना, मग वर व्हायोलिनं कशाला? खरी तरी असतात का ती?" लग्नात, लोकलमध्ये, टपरीवर, सगळीकडे हेच.

ठोका वेग देतो, पण तो कुणाच्याच बाजूचा नसतो. हिरो मारतोय की मार खातोय, त्याला सोयरसुतक नसतं. बाजू घेतात ती तंतुवाद्यं. २००३च्या 'द मॅट्रिक्स रिलोडेड' सिनेमात संगीतकार डॉन डेव्हिसचा ऑर्केस्ट्रा आणि गोवा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा गट ज्युनो रिअ‍ॅक्टर एकाच मारामारीत भिडले, ते ऐकून मी या नादाला लागलो. हिशोबाचं म्हणाल तर मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीत, सेकंदाला २४ फ्रेम धरून, एक मात्रा सव्वाअकरा फ्रेमची, चार मात्रांच्या बरोबर ४५. एडिटर मात्र कट ४३व्या फ्रेमला मारतो. असो.

माझ्या एका फाइटला व्हायोलिनं खरी होती, हो. वाजवणारे बारा जण होते. त्यातले काका साठी उलटलेले. त्यांनी विचारलं, "ठोक्याच्या जरा मागे राहू का? गजाला सूर धरायला वेळ लागतो रे." मी म्हटलं, "नको, क्लिकवरच." क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारी तालाची टकटक. सहा टेक झाले. तरी रात्री बसून मी एकेक सूर माउसनं ओढून ग्रिडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मात्रांच्या रेघांवर, आणला. वर साइडचेन लावली, म्हणजे किक, ठोक्यातला जाड ढोल, पडली की व्हायोलिनं दबणार. क्लबात तो श्वास वाटतो. इथे गळा दाबल्यासारखं झालं. फायनल मिक्सला काचा, बुक्के, गाड्या आल्या. तंतुवाद्यं तीन डीबी (डेसिबल) खाली गेली, मग आणखी तीन. मिक्सिंगवाल्याला बोल लावत नाही. चेलो मीच किकच्या जागेत, त्याच खर्जात, लिहिले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "चालेल."

पहिल्या खेळाला काका नातीला घेऊन आले. फाइट अर्ध्यावर आली तेव्हा माझ्याकडे झुकून म्हणाले, "आपण आलो का रे?"

"येईल आता," मी म्हटलं. सीन संपला.

तेव्हा मी सांगत फिरायचो की माणसं वाजवतात म्हणून जीव येतो. मग तो जीव ग्रिडवर ठोकून कुणी बसवला? तुझंच काम ते. पण सैल सोडलं असतं तर फाइट ढिली पडली असती, हेही खोटं नाही. हल्ली मी किकच थोडी मागे सरकवतो. पोरं म्हणतात, ड्रॉपला, म्हणजे ठोका एकदम कोसळतो तिथे, मजा नाही. नसतेच.

परवा नव्या फाइटसाठी काकांना फोन केला.

"क्लिक आहे?"

"आहे."

"मग हेडफोन एकाच कानाला लावीन," म्हणाले.